ताईच्या हातचं पाणी

माझ्या नणंदेइतकी जीव लावणारी आणि माझ्या नणंदेइतकी जीव नकोसा करणारी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. माझ्या नवऱ्याची ती थोरली बहीण, म्हणून मीही तिला ताईच म्हणायची. यवतमाळला दवाखान्यात ती नर्स होती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सुटी मिळाली की मोटारीनं आमच्याकडे बोरी अरबला यायची. ताई मोटारीतून उतरली असं कळलं की आमच्या अर्ध्या गल्लीची नखं आपोआप कापली जायची. घरात पाऊल टाकल्यावर ‘कशी आहेस’ नाही, ‘काय शिजवलंस’ नाही, पहिलं तोंड न्हाणीकडे. पत्र्याच्या डबीत स्वतःचा साबण, खांद्यावर स्वतःचा टॉवेल. एकेक बोट वेगळं काढून, कोपरापर्यंत हात धुणं चालायचं आणि तोवर कोणी तिच्याशी बोलायचं नाही. माझा धाकटा एकदा ‘आत्याऽऽ’ करत तिला बिलगला, तर पोलिसानं धरल्यासारखे दोन्ही हात वर करून ती उभी राहिली. म्हणाली, “थांब रे बाप्पा! मोटारीच्या दांडीले साऱ्या तालुक्याचा हात लागला हाय.” हात धुऊन झाल्यावर मात्र त्या पोराला तिनं असं कवटाळलं, की तोच कंटाळून पळाला.

तिच्या छातीवर उलटं लावलेलं घड्याळ असायचं. कोणी मायेनं तिचा हात हातात घेतला की तिची बोटं त्या माणसाच्या मनगटावर सरकत आणि नजर घड्याळात जाई. माझ्या चुलतदिराच्या लग्नात मुलीच्या आईनं असाच तिचा हात धरला. ताईनं तो पुरं एक मिनिट सोडला नाही. विहीणबाईंचे डोळे भरून आले, ‘केवढी माया हो या बाईंची!’ असं त्या शेजारणीला म्हणाल्याही. तेवढ्यात ताईनं निकाल दिला, “नाडी लई पळून राह्यली. दोन दिस झोपल्या नाई ना? बसा खाली.” मंगलाष्टकं सुरू झाली तरी त्या माऊलीला तिनं उठू दिलं नाही, वर लिंबाचं सरबत पाजलं. भर बाजारात ती पाटलांना खणखणीत आवाजात विचारायची, “पाटील, पोट साफ झालं काय?” शेवटी शेवटी पाटील तिला पाहिलं की बाजार सोडून घाणीच्या बोळात शिरत. आणि अंथरूण! चादरीची टोकं ती गादीखाली अशी दाबायची की चुलतनणंदेचे यजमान, आमचे जावईबापू, आले तेव्हा त्यांना आत शिरायला वाटच सापडली नाही. बिचारे थंडीत चादरीच्या वर झोपले आणि सकाळी शिंकत उठले. त्या शिंकांवरूनही ताईनं त्यांनाच झापलं.

तिचं शहाणपण कळायला मला वेळ लागला. एकदा तिच्यासोबत दवाखान्यात गेले होते. खाटेवरच्या म्हाताऱ्याला औषध देण्याआधी ती म्हणाली, “नाव सांगा बाबा तुमचं.” म्हाताऱ्यानं सांगितलं, मग गोळी दिली. मी म्हटलं, पाटीवर लिहिलंय की, आणि विचारायचंच तर ‘तुम्ही रामजी का?’ असं विचारावं. ताई माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघून म्हणाली, “काय वं, आपल्या लोकाइले वळखत नाई तू? पांढऱ्या कपड्यातल्या मानसानं ‘तू मेला काय’ असं इचारलं, तरी हे ‘हाव जी’ म्हंतात. एकानं हाव म्हटलं अन् दुसऱ्याची सुई त्याले बसली तं?” खरंच होतं ते. आमच्याकडे सरकारी माणसाला नाही म्हणायची रीतच नव्हती.

पण जिच्या हातची औषधं सारा जिल्हा घेत होता, तिच्या हातचं पाणी तिचा सख्खा बाप पीत नव्हता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा ताईचा नवरा तापानं गेला. माहेरी परत आलेली ही पोर एक दिवस बापासमोर उभी राहून म्हणाली, मी नागपूरला नर्सिंग शिकायला जाते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापसाच्या चांगल्या वावरांचे मालक, गावात शब्दाला मान. ते म्हणाले, “लोकाइचं हागमूत काढनारी पोरगी माह्या घरची नाई.” ती गेलीच. दोन वर्षं त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा तिला घरात येऊ दिलं, पण एक अट कायम राहिली, आणि सासूबाई गेल्यावरही राहिली. तिच्या हातचं अन्न नाही, पाणी नाही. मामाजींनी “पानी दे” म्हटलं की माठाशी बसलेली ताई जागची हलायची नाही. मी चुलीपुढून भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उठायची. ताई एवढंच म्हणायची, “हात धुवून दे वं.” मला राग यायचा. त्यांचा तर यायचाच, पण निमूट बसणाऱ्या तिचा जास्त यायचा.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल, कापसाची वेचणी सुरू होती. मामाजींना वावरात लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, आता औषध थोडं, सेवा जास्त, घरी न्या. ताई महिन्याची रजा टाकून, ट्रंक घेऊन मागोमाग हजर. मामाजींची समज शाबूत होती. तिला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईनं बाज भिंतीपासून ओढून मधोमध घेतली. म्हणाली, “दोन्हीकून जाता आलं पायजे.” झालं, आता तोंड फिरवायला भिंतही उरली नाही.

त्यानंतर घराचा दवाखाना झाला. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखम होत नाही. टाचांखाली उशी. चादरीला एक सुरकुती दिसली की माझा उद्धार. रोज कोमट पाण्यानं अंग पुसणं, पाठ बघणं, किती प्याले, किती लघवी झाली ते वहीत लिहिणं. मामाजींचा इलाज नव्हता; हलताच येत नव्हतं, म्हणून हे सगळं ते तिच्याकडून करून घेत. पण तिनं पाण्याचा चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट मिटत. डावा हात चांगला होता, त्यानं चमचा ढकलून देत.

मग तिनं मला शिकवलं. आधी उठवून बसवायचं, पाठीला गोधड्यांचा टेका. हनुवटी जरा छातीकडे. लहान चमचा, तोही अर्धा, अन् डाव्या गालात, तो शाबूत आहे म्हणून. गळ्याची घाटी खालीवर झाली की मगच दुसरा. शेवटी गालात काही राहिलं का बघायचं, आणि अर्धा तास आडवं करायचं नाही. मी पाजायची आणि ताई दाराआड उभी राहून फटीतून बापाच्या गळ्याकडे बघत राहायची. मी घाई केली की तिकडून कुजबुज यायची, “थांब ना वं! गिळू दे त्याइले!” सासऱ्यासमोर हसताही येईना आणि रडताही येईना, अशी माझी गत.

आमच्याकडची रीत अशी, की आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं यायचं नाही आणि आणलेलं स्वतःच्या हातानं त्याच्या मुखात घालायचं. नाही घातलं तर माया कसली? कोणी शिरा आणी, कोणी दही, कोणी संत्र्याची फोड. ताई दारातच सगळं काढून घेई. “मी देतो नंतर,” म्हणे, आणि पोरांना वाटून टाकी. गावात बोभाटा झाला, की पोरगी बापाला उपाशी मारते. एक दिवस ताई चादरी धुवायला विहिरीवर गेली होती आणि मी चुलीशी होते. कळंबहून मामाजींची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, चिंतामणी गणपतीचं तीर्थ घेऊन आल्या. भाऊ आडवा पडलेला पाहून त्यांचा जीव गलबलला. त्यांनी त्याचं डोकं मागं करून तांब्यातलं तीर्थ तोंडात ओतलं.

आत्याबाईंची किंकाळी ऐकून मी धावले. मामाजींचे डोळे पांढरे झाले होते, चेहरा निळा पडत होता. ताई ओल्या लुगड्यानं कशी आत आली ते मला दिसलंच नाही. तिनं त्यांना एका झटक्यात कुशीवर घेतलं, तोंड खाली केलं, बोटाला पदर गुंडाळून घशातलं काढलं आणि पाठीवर हाताच्या तळव्यानं थापा मारल्या. जोरात. बापाला पोरीनं मारलेल्या थापा गल्लीनं मोजल्या असतील. मग मामाजी खोकले, आणि श्वास आला. ताईनं आत्याबाईंना एक शब्द लावला नाही. त्यांना बसवलं, नाडी पाहिली आणि म्हणाली, “आत्या, तुमची माया चुकली नाई. पाजाची तऱ्हा चुकली.”

पण त्यानंतर मामाजी पाण्यालाच भ्याले. माझ्याही हातचं घेईनात. चमचा दिसला की ओठ बंद आणि डोळ्यांत भीती. ती संध्याकाळ गेली, रात्र गेली, दुसरी दुपार आली. जीभ कोरडी पडली. ताईनं वही उघडून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सकायपासून लघवी नाई. आजच्या दिवसात प्याले नाई, तं बुढा हातचा जाते.”

ती उठली, हात धुतले. मी दारात उभी राहिले, आज आत ती होती. तिनं त्यांना बसवलं आणि समोर बसली. चमचा तसाच वाटीत ठेवून म्हणाली, “बाबा, मले पोरगी समजू नका. मी ड्यूटीवर हाओ. मी दवाखान्यात हजार लोकाइले पानी पाजलं, एकालेबी ठसका लागू देल्ला नाई. काल तुमचा श्वास म्याच परत आनला ना? मंग पान्यानं मराचं भेव कायले धरता? नर्सच्या हातचं प्या.” तिचा आवाज अगदी साधा होता, पाटलांना पोट विचारायची तसा. मामाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे वाकडे ओठ जरासे उघडले.

अर्धा चमचा. ताई गळ्याकडे बघत होती. घाटी वर गेली, खाली आली. दुसरा चमचा. तिसरा. असे वीस-बावीस झाले. मग मामाजींनी डावा हात उचलला. मला वाटलं, आता ढकलतात. पण तो हात त्यांनी तिच्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. ताई म्हणाली, “हात काढा बाबा, चमचा सांडते.” आणि एवढं बोलून ती माझ्या देखत पहिल्यांदा रडली. हुंदके देत, नाक ओढत, पण हातातला चमचा सरळ धरून.

रजा संपली तशी ताई यवतमाळला गेली. त्या दिवशी मी चमचा घेऊन बसले तर मामाजी ओठ उघडेनात, दाराकडेच बघत राहिले. मोटार कधीच गेली होती. मला आधी चीडच आली. बारा वर्षं माझ्या हातचं चालत होतं, आता माझं चालेना! मग त्यांचे डोळे पाहिले आणि चीड कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, “मामाजी, माह्या हातचं नका समजू. हे ताईनंच शिकवलं हाय मले.” त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि तोंड उघडलं.