हातावर तोललेल्या मुली

माझ्या जुळ्या मुली दिवस भरायच्या खूप आधी सांगलीच्या दवाखान्यात झाल्या. दोघींना काचेच्या पेटीत ठेवलं होतं, ऑक्सिजनवर. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की थोड्या दिवसांनी दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. इतक्या लवकर जन्मलेल्या, ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांच्या डोळ्यांतला आतला पडदा बिघडू शकतो. कुणाचा बिघडेल ते वरून कळत नाही, वेळेत कळलं तर उपचार आहे.

माझं माहेर जत तालुक्यात, दोघींना घेऊन मी तिथंच आले. वडिलांची हयात मेंढरांमागे गेली. कोकरू जन्मलं की ते हातावर घेऊन जरा खालीवर करत आणि जगेल की नाही ते सांगून टाकत. सहसा चुकत नसत, आणि त्याचा तोराही भारी. माझ्या मुली त्यांनी तशाच तोलल्या. धाकटी काटकुळी, दूध ओढायची नाही. थोरलीनं बाळसं धरलेलं.

"ही तगली," थोरलीला माझ्या मांडीवर ठेवत ते म्हणाले. "हिला कशाला यष्टीत हिंडवायची? बारकीला दावून आणू."

घरात कुणालाच ते वावगं वाटलं नाही. आईवडील धाकटीला घेऊन सांगलीला गेले, मी थोरलीजवळ राहिले. धाकटीचे डोळे चांगले निघाले. डॉक्टरांनी दुसरीची चौकशी केली, तेव्हा तिला काही झालेलं नाही असं वडिलांनी सांगितलं. त्या दिवशी आईनं शिरा केला.

पुढे धाकटी दाराच्या उजेडाकडे मान वळवायला लागली. थोरली वळवेना. हाक मारली की मात्र हसायची. आम्ही तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही पडदे सुटलेत, म्हणाले, आता काही करता येणार नाही. पेटीत जास्त दिवस हीच होती, हे मला तेव्हा आठवलं. रडू आलं नाही. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी वरपासून खालपर्यंत वाचला.

वडील बाहेर बाकावर बसले होते. हिला दिसत नाही आणि दिसणार नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं. त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं. आता ती एका हातावर मावत नव्हती. दोन्ही हातांवर धरून त्यांनी तिला जरा खालीवर केलं. ती हसली.

"भरली हाय की गं चांगली," ते म्हणाले, आणि तिला पुन्हा तोललं.