न ऐकता केलेली खूण

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. दिवसभर नळजोडणीचे अर्ज आणि गळतीच्या तक्रारी टाइप करायची आणि संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी रेडिओ लावायची. गावातलं केंद्र नव्हे, शॉर्टवेव्ह. खरखर, शिट्ट्या, मधूनच एखाद्या परक्या भाषेतल्या बातम्या, आणि आत्या कान लावून वहीत आकडे लिहितेय. माझे वडील म्हणायचे, "हिला शेजारच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नसतो, पण सातासमुद्रापलीकडे आज पाऊस पडला का, ते विचारा."

या नादातून तिचं पत्रक सुरू झालं. दोन पानांचं. कुठलं केंद्र, कुठली भाषा, किती वाजता, रेडिओच्या काट्याच्या कुठल्या आकड्यावर. दर महिन्याच्या एक तारखेला ती ते चाळीसेक लोकांना टपालाने पाठवायची. अशा वेळापत्रकांची छापील पुस्तकं मिळत होती, पण ही केंद्रं वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, आपले आकडे बदलतात. थंडीत आणि उन्हाळ्यात या लहरी सारख्या पोचत नाहीत, म्हणून. पुस्तक छापून हातात येईपर्यंत निम्मं शिळं झालेलं असायचं. आत्याच्या पत्रकात मात्र काही ओळींपुढे बरोबरची खूण असे. खूण म्हणजे तिने स्वतः, त्या महिन्यात, आपल्या कानांनी ऐकलेलं. लोक त्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

त्यातले एक होते शिंपीकाका. विशीत बोटीने आले ते इथलेच झाले. आमची भाषा ते आमच्यासारखीच बोलायचे, पण त्यांची स्वतःची भाषा बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या देशाचं केंद्र रोज संध्याकाळी सव्वासहाला पंधरा मिनिटं त्या भाषेत कार्यक्रम लावायचं. तेवढ्यापुरतं त्यांचं शिवणयंत्र थांबायचं.

सप्टेंबरात ते मुद्दाम कचेरीत आले. थोरल्या बहिणीचं पत्र आलं होतं. ती तिकडे खेड्यात चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती आणि त्या केंद्राने तिची मुलाखत घेतली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लागणार होती.

"बाई, अडतीस वर्षांत तिचा आवाज ऐकला नाही मी," ते म्हणाले. "माझी ओळ तेवढी नीट बघून द्या."

"काका, निर्धास्त राहा," आत्या म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, नेमके आकडे बदलले त्याच वेळी, आत्याचा रेडिओ मुका झाला. मेकॅनिक म्हणाला, सुटा भाग यायला पाच दिवस. पाच दिवसांनी एक तारीख उलटून जाणार होती आणि अकरा वर्षांत पत्रक एकदाही उशिरा गेलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, जरा जास्तच. एका वाचकाने तिला परदेशातून आणलेलं जाडजूड पुस्तक भेट दिलं होतं, गुळगुळीत कागदाचं. तिने ते उघडलं आणि चौदा ओळी त्यातून उतरवून घेतल्या. पुस्तक मागच्या वर्षी छापलेलं आहे, हे तिला दिसत होतं. तरी वाटलं, दरवर्षी थोडंच सगळं बदलतं?

इथवर एक वेळ ठीक होतं. पण चौदा ओळी बिनखुणेच्या गेल्या तर लोक काय म्हणतील, म्हणून तिने चौदाच्या चौदा ओळींपुढे खूण केली.

पहिला रविवार गेला. सोमवारी ती कोटाचं अस्तर बदलायला टाकायच्या निमित्ताने शिंप्याच्या दुकानात गेली. खरं तर तिला शाबासकी ऐकायची होती. काका कापडावर खडूने रेघा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "काही लागलं नाही हो. साडेपाचपासून बसलो होतो. नुसती खरखर. रेडिओचं वय झालं, आणि माझ्या कानांचंही."

आत्याच्या तोंडातून निघालं, "काल हवामानच खराब होतं, काका. कुणालाच काही ऐकू आलं नाही."

रेडिओ त्याच दिवशी दुरुस्त होऊन आला होता. सव्वासहाला तिने पुस्तकातला आकडा लावला, नऊ हजार सातशे दहा. खरखर. मग काटा हळूहळू खाली आणत गेली. सात हजार तीनशे पाचवर ते केंद्र खणखणीत लागलं, खोलीतच बसून बोलावं तसं.

ती गप्प राहिली. एकोणीस दिवस. कचेरीत चुका व्हायला लागल्या. एका अर्जावर तिने अर्जदाराच्या नावाऐवजी आकडा टाइप केला. शिंप्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायची. "रोज ठरवायचे, उद्या सांगते," ती मला पुढे म्हणाली. "आणि रोज उद्याच यायचा."

विसाव्या दिवशी रस्त्यात मेकॅनिक भेटला. हसत म्हणाला, "तुमच्या शिंपीकाकांनी दुसऱ्यांदा रेडिओ आणून दिलाय. मी म्हणतो, काही बिघाड नाही. ते म्हणतात, असणारच, बाईंची खूण आहे त्या ओळीवर. आता चांगला रेडिओ कसा दुरुस्त करू, सांगा!"

ती तिथूनच मागे वळली आणि दुकानात शिरली. बसलीसुद्धा नाही.

"काका, रेडिओ चांगला आहे तुमचा. कानही चांगले आहेत. आकडा चुकीचा होता. मी ऐकला नव्हता, जुन्या पुस्तकातून उतरवला आणि खूण केली."

काकांनी यंत्राचं पायडल थांबवलं. सुईखालचं कापड नीट केलं.

"म्हणजे ती बोलत होती," ते म्हणाले. "मी बसलो होतो तेव्हा. दुसऱ्या आकड्यावर."

"हो."

"चूक होते, बाई. माझंही माप चुकतं कधी. पण हवामानाचं कशाला सांगितलंत?"

"तिचं पत्र आलंय," ते पुढे म्हणाले. "विचारते, माझा आवाज म्हातारा वाटला का? मी लिहिलं, नाही, अगदी पूर्वीसारखाच. काय लिहिणार? ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर जीव तुटला असता तिचा."

आत्या म्हणायची, चुकीच्या आकड्याचं एवढं नाही वाटलं, पण माझ्यामुळे त्या सरळ माणसाला सख्ख्या बहिणीशी खोटं बोलावं लागलं, ते कुठे फेडू?

तिने त्या केंद्राला पत्र लिहिलं, मुलाखतीची फीत मिळेल का म्हणून. दोन महिन्यांनी उत्तर आलं: फिती पुसून पुन्हा वापरतात, क्षमस्व. सोबत नवं वेळापत्रक.

त्याआधीच, डिसेंबरच्या पत्रकात, पहिल्याच परिच्छेदात तिने सगळं लिहिलं, चौदा ओळींची यादी देऊन. पाच जणांनी पत्रक बंद केलं. एकाने कार्डावर लिहिलं, मग तुमच्यात आणि बाजारातल्या पुस्तकात फरक काय? ते कार्ड तिने जपून ठेवलं. बाकीच्यांनी विचारलं की मग विश्वास कशावर ठेवायचा? तिने उत्तर छापलं. आधी बघा कधी छापलंय आणि कुठल्या हंगामाचं आहे. वेळ तुमच्या घड्याळाची दिलीय की जागतिक, ते बघा. केंद्राने स्वतः पाठवलेलं वेळापत्रक सगळ्यात ताजं, पण त्यांचा कार्यक्रम तुमच्याकडे ऐकू येतो का, हे त्यांना ठाऊक नसतं. ते सांगेल तुमच्याच भागातला कुणी ऐकणारा. दोन ठिकाणी तोच आकडा दिसला तर एकाने दुसऱ्याची नक्कल केली नाही ना, ते तपासा. "माझंही तपासा," असं शेवटी लिहिलं होतं. त्यानंतर दोनदा पत्रक उशिरा गेलं.

काकांनी पत्रक बंद केलं नाही. माफ केलं, असंही कधी म्हणाले नाहीत. कोट परत दिला, अस्तर पक्कं बसवून. भेटले की विचारायचे, "हे तुम्ही ऐकलंय ना?" ते सहज विचारायचे, पण आत्याला दर वेळी तो प्रश्न टोचणीसारखाच लागायचा.

दीड वर्षाने काकांनी बहिणीला खरं काय ते कळवलं. आत्याचं नाव घातलं नाही, आकडा चुकला एवढंच लिहिलं. उत्तरात जाडजूड पाकीट आलं. बहिणीने आठवून आठवून सगळी मुलाखत लिहून काढली होती: विचारणाऱ्याने काय विचारलं, आपण काय बोललो, कुठे ठसका लागला, कुठे हसू आलं. सहा पानं. काकांनी आत्याला बोलावलं आणि यंत्रापाशी बसून एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत वाचून दाखवलं. एका ठिकाणी बहीण म्हणाली होती, माझा धाकटा भाऊ दूर देशी आहे, तो आत्ता ऐकत असेल.

काका पान उलटून पुढचं वाचायला लागले. आत्या शेवटपर्यंत बसून राहिली, मान खाली घालून.