भाऊजींची संत्राबर्फी आणि एक आयपी ॲड्रेस

मंडळी, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की कोपऱ्यात बसून खो-खो हसणारा एक माणूस असतो ना... तो मी. हुडकेश्वरला माझं मोटारपंपांचं दुकान आहे. पंप बंद पडला तर त्याची कॉइल जळलेली असते, आत्मा गेलेला नसतो. एवढंच माझं तत्त्वज्ञान. ते गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारपर्यंत उत्तम टिकलं.

घरात खाली मी आणि बायको, वर माझी मोठी बहीण. भाऊजी त्याआधीच्या दिवाळीनंतर गेले. ताई आणि भाऊजी बाजाराची यादी मोबाइलवर करायचे. दोघांच्या फोनवर एकच यादी, कोणी काय लिहिलं त्याचं नाव शेजारी. भाऊजींना शुगर. तरी दर शनिवारी सकाळी हा गृहस्थ मेथी आणि कांद्यांच्या मधोमध गुपचूप ‘संत्राबर्फी’ घुसडायचा आणि ताई ती पुसून टाकायची. तोंडानं चकार शब्द नाही. त्यानं लिहायचं, तिनं पुसायचं. वर्षानुवर्षं चाललं हे युद्ध.

तर त्या शनिवारी ताई खाली आली आणि फोन माझ्यापुढे धरला. मेथी, संत्राबर्फी, कांदे. बर्फीशेजारी भाऊजींचं नाव.

“काहून गा, हे तू केलं का?”

“मी कशाले करू वं?”

“मंग कोणीतरी माही मजा घेऊन राहिलं.” ती खुर्चीत बसली. “कोणाच्या हाती त्यायचं खातं लागलं असंन तर बंद करून टाक. पण... मंग त्यायचं नाव बी जाईन ना यादीतून?”

जाणारच होतं. म्हणून मी म्हटलं, थांब, आधी चोर शोधू.

भाऊजींचा फोन तिच्या कपाटात साड्यांखाली, कधीचा बंद पडलेला. भाचा पुण्याला, त्याला या यादीचा पत्ताच नाही. पासवर्ड गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडला. खात्यात शिरलो, तर लॉगिनच्या नोंदीत त्या सकाळचा आयपी ॲड्रेस — म्हणजे इंटरनेटवरचा घर नंबरच म्हणा. एका साइटवर तो टाकून पाहिला. हा नंबर ज्या रेंजमधला, म्हणजे नंबरांच्या ज्या गठ्ठ्यातला, ती सगळी रेंज आमच्याच इंटरनेटवाल्याची निघाली. आणि नकाशावर टिपका — स्कूटरनं तासाभरावरच्या कळमेश्वरला.

झालं. फौजदाराच्या थाटात स्कूटर काढली. टिपका नेमका एका पिठाच्या गिरणीवर. आत जाऊन दरडावलं, “संत्राबर्फी तुम्हीच लिहिली काय?”

गिरणीवाल्यानं शांतपणे विचारलं, “दळायची हाय का?”

तिथून थेट इंटरनेटवाल्या विनोदभाऊंकडे. आमच्या भागात हाच माणूस वायर ओढतो आणि हाच पावती फाडतो. गिरणीचं ऐकून ते पोट धरून हसले. “भाऊ, टिपक्याच्या मागं कुठं लागले तुम्ही? आमचा कोणताही नंबर टाका, टिपका तिथंच पडते. आमचं पहिलं ऑफिस त्या गिरणीच्या वर होतं.”

मग त्यांनी वही काढली. रेंजमधला कोणता नंबर कोणत्या घरी, सगळं हातानं लिहिलेलं. बोट खाली-खाली सरकत गेलं आणि थांबलं. हसूही थांबलं.

“हा नंबरांचा तुकडा तर आम्ही राखून ठेवला, भाऊ. कोणालेच दिला नाही. मशीनवर चढवलाच नाही अजून.”

“मग वापरला कोणी?”

“वापरताच येत नाही. तेच तर सांगून राहिलो.”

त्यांनी मशीन दोनदा तपासलं. माझ्या फोनवर यादी उघडून, ती आपोआप भरण्याची काही सोय चालू आहे का, तेही पाहिलं. नव्हती.

घरी जिना चढताना मी एक छानसं खोटं तयार केलं — भाच्याचं नाव घ्यायचं. पण ताईसमोर ते जमेना. सगळं खरं सांगितलं, गिरणीसकट. गिरणीवर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. भाऊजी गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली,

“कोणालेच देला नाही म्हणते तो नंबर?”

“नाही.”

“मंग राहू दे त्यायच्याच जवळ. खातं बंद नको करू.”

तिनं यादी उघडली. आणि बर्फी पुसून टाकली.

“काहून पुसली वं?” मी विचारलं.

“शुगर हाय ना त्यायले.”

त्यानंतर आजवर चारदा आली संत्राबर्फी. शनिवारीच, त्याच नंबरावरून. ताई सकाळी चष्मा लावून वाटच पाहत असते आणि चारही वेळा तिनं ती पुसली आहे. विनोदभाऊंनी दोन जाणकारांना विचारलं, दोघंही डोकं खाजवत गेले. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर कारण जरूर सांगा... पण मला एकट्याला, आणि हळू आवाजात. वर ऐकू जातं.