पांढऱ्या काठाचे कोंब

आमच्या सागाए गावात गिबोशी या रुंद पानांच्या रोपाचे कोवळे कोंब उकडून सोयाबीनच्या आंबट मिसो-चटणीबरोबर खातात. शेजारचा एइकिची न्हावीही खायचा. पण घरामागच्या सावलीत त्याने लावलेली तळहाताएवढी गिबोशी वेगळी, तिच्या हिरव्या पानाला पांढरा काठ. सात वर्षं तिला जपलं, रोपं जोपासणाऱ्यांच्या मंडळाच्या मेमधल्या प्रदर्शनात यंदा मांडायची म्हणून. तिची खोड एकच. मधूनच निव्वळ हिरवे कोंब फुटायचे आणि पांढऱ्या काठाच्यांना दाबून टाकायचे. ते एप्रिलमध्ये कापावे लागत. त्या वाफ्यात बायकोला, मित्सुएला, पाऊल टाकायची मनाई. कापलेले हिरवे मात्र तिनेच रांधायचे आणि ह्याने मुकाट गिळायचे. संसाराच्या एकेचाळीस वर्षांत तिच्या कुठल्याच रांधण्याला "बरं झालंय" एवढंही कधी नाही.

यंदा ऐन एप्रिलमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. इस्पितळातून फोनवर हुकूम सोडला, कोंब वर आले असतील, कापून टाक. कुठले, ते सांगितलं नाही. शहाण्याला वाटलं, एवढं हिला ठाऊक नसेल होय?

आता मित्सुएचं माहेर हे कोंब पिकवणाऱ्यांचं. तिथे ते मुद्दाम भाताच्या तुसाखाली अंधारात वाढवतात. जितका पांढरा, तितका कोवळा. आजारी नवऱ्याला ती हिरवे कशाला देईल?

तिने इस्पितळात डबा उघडला तेव्हा मीही त्याला भेटायला गेले होते. पांढरा काठ पाहून मी ओळखलं, हे प्रदर्शनातलेच. तोवर त्याने डोळे मिटून घास चावायला घेतला होता.

"असं कधी खाल्लं नव्हतं गं," तो म्हणाला.

मित्सुए कानापर्यंत लाल झाली. मी बोलणार होते, पण तिचा चेहरा पाहिला नि जीभ आवरली. चुकलंच माझं. कारण घरी जाऊन तिने उरलेले दोनही कापले.

काठी टेकत तो घरी आला तो थेट वाफ्यापाशी. हिरवे कोंब मजेत पसरले होते.

"पांढरे कुठायत?"

"अहो, खाल्लेत की तुम्ही. पहिल्यांदाच चांगलं म्हणालात, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेलेही आणले."

मला वाटलं, आता हा आकाशपाताळ एक करणार. पण तो काठी टेकत घरात निघून गेला. आपल्याच तोंडची स्तुती परत कशी घेणार?

मेमध्ये प्रदर्शनात त्याची जागा रिकामी. मंडळींनी विचारलं, तुमची ती पांढऱ्या काठाची कुठाय?

"चवीला उत्तम निघाली," तो म्हणाला.

शेजारी उभ्या मित्सुएने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, "पुढच्या वर्षी तुम्हालाही डबा देईन हं."