लास्ट परेड

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. सासरेही फौजेतलेच, त्यामुळे महूच्या त्या घरात शिस्तीचं एकदम अजीर्ण. रिटायर झाल्यावर ह्यांनी ट्रक घेतला, पीथमपूरच्या एका कारखान्याचा माल पुण्याला न्यायचं काम धरलं, आम्ही इंदूरला राहायला आलो, पण ती शिस्त काही सुटली नाही.

म्हणजे कसं, तर फौजेत गाडी उभी केली की ड्रायव्हर लगेच जेवायला पळत नाही. आधी गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायची. एकेका चाकाला तळहात लावून बघायचं, कुठे जास्त तापलंय का. खाली वाकून तेल गळतंय का ते बघायचं. त्याला लास्ट परेड म्हणतात. कॉलनीबाहेरच्या मैदानात ट्रक उभा राहायचा. इकडे मी गरम पोळ्या करून बसलेली आणि तिकडे हे महाराज चाकांची नाडी बघतायत. मी म्हणायची, माझ्या कपाळाला कधी असा हात लावला नाहीत. त्यावर हसायचे. तेव्हा हसत होते.

नव्या ट्रकमध्ये कॉम्प्युटर असतो. धूर बाहेर टाकणाऱ्या सायलेन्सरला बोटाएवढा एक सेन्सर लावलेला असतो, धूर किती तापलाय ते कॉम्प्युटरला सांगायला. धूर फार तापला तर गाडीला आग लागू शकते, म्हणून आधी लाल दिवा लागतो, मग इंजिनाचा जोर कमी होतो, आणि तरी नाही ऐकलं तर इंजिन स्वतःहून बंद. चांगली सोय आहे, मी कुठे नाही म्हणते? पण तो सेन्सरच खोटं बोलायला लागला तर माणसाने करायचं काय?

पहिल्यांदा गाडी मानपूरच्या पुढे घाटात बंद पडली. मी पलासियाला एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, तिथे ह्यांचा फोन आला. म्हणाले, सगळीकडे हात लावून बघितलं, काहीच तापलेलं नाही. वर्कशॉपवाल्यांनी सेन्सर बदलला. पुढच्या खेपेला सेंधव्याजवळ तेच. मग वायरिंग बदललं, मग आणखी एक सेन्सर. लॅपटॉपवाले साहेब आले, पडद्याकडे बघून म्हणाले, आता ओके आहे सरजी. डोंबलाचं ओके. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार इंजिनाला चावी लावली तर लाल दिवा हजर, धूर भयंकर तापलाय म्हणे. अरे यार, अजून धूर निघालाच कुठे होता?

बाकीचे ड्रायव्हर ह्यांना वेड्यात काढायचे. म्हणायचे, दिव्याकडे बघायचंच नाही भिया, दाबून चालवायची, शेवटी बंद पडलीच तर बघू. पण ह्यांचं एकच, दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, हाताने तपासायचं, थंड होऊ द्यायचं. दिवा म्हणजे हुकूम. त्यात तासन्‌तास जायचे आणि माल उशिरा पोचायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, तो दिवा काय तुमचा सुभेदार लागून गेलाय का? शांतपणे म्हणाले, आज खोटा आहे, पण उद्याही खोटाच असेल असं कोणी लिहून दिलंय?

मग कारखान्याने बजावलं की आणखी एकदा माल उशिरा आला तर तुमची गाडी गेटच्या आत येणार नाही. हे काम गेलं असतं तर ट्रक विकावाच लागला असता. ह्यांच्या बरोबरीचे दोघेतिघे आज मॉलच्या दारात शिटी घेऊन उभे असतात. ते बघून आले की हे दोन दिवस नीट जेवत नाहीत. ह्यांना स्टेअरिंगशिवाय दुसरं काही येतही नाही आणि नकोही आहे.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी हे ट्रक घेऊन एका बाहेरच्या मिस्त्रीकडे गेले. मला सुट्टी होती, मीही सोबत गेले. मिस्त्रीने सेन्सरच्या वायरीत चिमटीत मावेल एवढी एक वस्तू बसवली. ती कॉम्प्युटरला कायम एकच सांगणार, की धूर ठीक आहे, सगळं ठीक आहे. काम झाल्यावर तो म्हणाला, आता ही कधीच बंद पडणार नाही.

ह्यांनी विचारलं, "आणि खरंच तापली तर?"

मिस्त्री चहा पीत होता. म्हणाला, "तर वासाने कळेल की भिया."

ह्यांनी मान डोलावली. ज्या माणसाने आयुष्यात एक हुकूम मोडला नाही, त्याची ती मान बघून मला तिथेच रडू फुटलं. मी तोंड फिरवून ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिले.

माल वेळेवर पोचला. काम टिकलं. परत आले ते दुपारी. मैदानात ट्रक उभा केला, सरळ घरात आले, हात धुतले आणि पाटावर बसले. माझी पोळी अजून तव्यावरच होती. मी विचारलं, "चक्कर नाही मारली?"

"तिचं तोंड मीच बांधून आलोय," म्हणाले. "आता काय विचारू तिला, कुठे दुखतंय का म्हणून?"

त्यानंतर लास्ट परेड झालीच नाही. पूर्वी दवाखान्यात फोन वाजला की मनात यायचं, पडली वाटतं बंद. आता फोन येत नाही. गाडी घाटातून जाते, येते, काही झालं तरी ती आता थांबणार नाही, आणि त्या न थांबण्याचीच मला धास्ती बसलीय. मी पेशंटना चुकीचे नंबर देते आणि डॉक्टर ओरडतात.

काल हे येऊन जेवायला बसले, तेव्हा दही आणायचं निमित्त करून मी मैदानात गेले. ट्रकभोवती चक्कर मारली, एकेका चाकाला तळहात लावला. सगळीच गरम होती. किती गरम असलं म्हणजे घाबरायचं, हे मला माहीत नाही, आणि ह्यांना विचारायची हिंमत होत नाही.