नळीतलं पाणी

माझी वहिनी जेवायला बसते तेव्हाही अर्धी उठलेलीच असते. एक हात ताटात, नजर खिडकीबाहेर, शेतातल्या सोलर पॅनलवर. "धूळ बसलीय वाटतं," म्हणते आणि निघालीच. मी नणंद, टोमणे मारायचा माझा हक्क. पण तिच्या पायाला भिंगरी लागलेली. माझा टोमणा तोंडातून बाहेर पडेपर्यंत ती बांधावर पोचलेली असते.

तिचं काम शिकवण्याचं. आसपासच्या गावांतल्या चाळीस बायकांना तिने सौरपंपाच्या तारा कसायला, फ्यूज बदलायला शिकवलं. शिवाय कमी पाण्यावर भात घ्यायला. साचलेल्या पाण्याखाली चिखल कुजतो, त्यातून वायू निघतो, तो हवा तापवतो. म्हणून शेत मधूनमधून सुकू द्यायचं. किती सुकलं ते कळावं म्हणून भोकं पाडलेली नळी जमिनीत पुरायची. आतलं पाणी वीतभर खाली गेलं की पंप सुरू करायचा, एवढंच. लोक तिला नळीवाली म्हणतात. तिला ते आवडतं, पण ती कबूल करणार नाही.

दाखवायचं शेत आमचंच होतं. शुक्रवारी सगळ्या जणी ते बघायला येणार होत्या. पीक जोमात नसलं तर त्या आपापली शेतं पुन्हा काठोकाठ भरणार, आणि वहिनीची दोन वर्षांची पायपीट फुकट.

नेमके सोमवारी शेंडे पिवळे पडले. नळीत मात्र पाणी वरपर्यंत. वहिनी बांधावरून येरझाऱ्या घालायची, वही उघडायची, मिटायची. "नळी कशी चुकेल?" हे तिने मला इतक्यांदा विचारलं की मला तिचा राग यायला लागला, आणि कीवही. बुधवारी दुपारी तिने नळीशेजारी बोट खुपसलं. माती खडखडीत कोरडी.

गुरुवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी शेतावर गेली. मी मागोमाग. नळीपाशी माझे वडील वाकले होते, हातात तांब्या.

"बाबा, हे काय?" वहिनीने विचारलं.

"रिकामी दिसली गं," बाबा चाचरत म्हणाले. "म्हटलं, कुणी बघितलं तर तुझं हसं होईल."

चिकणमातीत ते पाणी तासभर हलायचं नाही. तेवढ्यात वहिनी यायची आणि आकडा मांडून जायची. महिनाभर हेच चाललं होतं. मी बाबांवर तोंड सोडलं. वहिनीने जाऊन पंप सुरू केला. पण दिवसभर तिला चैन नव्हतं. "उद्या बाबांचं नाव घेतलं तर ते चारचौघांत मान वर करणार नाहीत. नाही घेतलं तर पद्धतच वाईट ठरेल. सांग ना, काय करू?"

शुक्रवारी बायका बांधावर उभ्या राहिल्या. एका रात्रीत पीक थोडंच हिरवं होणार होतं? कुजबुज सुरू झाली.

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "मी नळी वाचली, माती चाचपली नाही."

"तिची कसली चूक?" मागून बाबा म्हणाले. "नळीत पाणी मी ओतत होतो."

मला जमीन दुभंगावी असं झालं. पण कुणी हसलं नाही. बायकांतली एक दूधवाली पुढे सरकली. "ताई, माझ्या नळीत मीपण ओतते. रोज नाही, तुम्ही यायच्या दिवशी."

"मीपण," शिवणकाम करणारी एक जण पुटपुटली.

"आणखी कोण?" वहिनीने विचारलं. हात वर व्हायला लागले. पंचविसापर्यंत मी मोजले, पुढे मोजवेना.

"अगं पण का?"

"तुम्ही नळीत वाकून बघता," दूधवाली म्हणाली, "आणि पाणी फार खाली असलं की तुमचं तोंड उतरतं. मग दिवसभर आम्हाला गोड लागत नाही."

वहिनीने हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाली, "इतकी धास्ती वाटते माझी?"

चाळीसही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबांनी तेवढी खाली बघत होकारार्थी मान हलवली.