एका ओळीची दुरुस्ती आणि आमचं समस्त खानदान

हसणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी कप खाली ठेवून बोलते. मागच्या वेळी हा किस्सा ऐन रंगात आला आणि ऐकणाऱ्या मैत्रिणीच्या नाकातून चहा बाहेर आला. तोही माझ्या नव्या ओढणीवर! तरी सांगते, कारण असा गाढवपणा एकटीच्या पोटात ठेवला तर अपचन होतं.

तर मंडळी, मी जगभरच्या कॉम्प्युटरांच्या पोटात आमच्या घरची लग्नपत्रिका छापायला निघाले होते.

खोटं वाटतं ना? थांबा, नीट सांगते.

मी स्वाती, रिसोड तालुक्यातल्या केनवडची. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते आणि उरलेल्या वेळात कर्नलमध्ये लुडबुड करते. आता हे कर्नल काय? घाबरू नका. लिनक्स नावाची फुकट मिळणारी जी प्रणाली आहे, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसासारखं असतं ते. कीबोर्डाचं काय दुखतं, स्क्रीनला काय हवं, सगळं तेच बघतं आणि श्रेय मात्र कोणी देत नाही. हे कर्नल कोणा एकाच्या मालकीचं नाही. जगातले हजारो लोक त्यात रोज डागडुजी करतात, तीही ईमेलवरून. तुम्ही दुरुस्ती पाठवायची, त्या भागाचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, ती तपासणार, चार शिव्या घालणार आणि पटली तरच आत घेणार.

आणि प्रत्येक दुरुस्तीच्या खाली नावं लिहायची पद्धत आहे. बिघाड कोणी कळवला, कोणी तपासून पाहिलं, कोणाला मान्य आहे. नावाबरोबर ईमेलचा पत्तासुद्धा. त्या नावांनीच माझा घात केला.

त्याचं मूळ आमच्या दादाच्या लग्नात आहे. दादाच्या पत्रिकेत मोठेबाबांचं नाव राहून गेलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ! अहो, पत्रिकेत कोण नव्हतं? 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी झाडून सगळी चिल्लीपिल्ली होती. त्यातल्या एकाचं तर बारसंही झालं नव्हतं, म्हणून नुसतं 'बाळ' छापलं होतं. आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस गायब! प्रेसवाला म्हणाला ओळ बसत नव्हती, बाबा म्हणाले मी लिहून दिलं होतं. लग्नाच्या दिवशी अख्ख्या गावात एकच दुकान उघडं होतं, मोठेबाबांचं झेरॉक्स सेंटर.

तेव्हापासून अबोला. बाबा समजूत घालायला गेले की मोठेबाबा झेरॉक्स मशीन सुरू करत. कोरे कागद काढत बसत, पण भावाचा शब्द कानावर पडू देत नसत.

अशातच माझं लग्न ठरलं. मुलगा आसेगावचा, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला. सगळे खूश होते, मी सोडून. लहानपणी मोठेबाबांच्या खांद्यावर बसून मी बाजार पाहिलाय. ते मांडवात नसतील तर माझ्याने पाटावर उभं राहवणार नव्हतं. खरंच सांगते, रडू यायचं नुसतं.

आणि देवाने दार उघडलं! मोठ्या आईचा, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोचा, निरोप आला, "दुकानातला कॉम्प्युटर बिघडला वं. येऊन पाय ना."

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घालून दिलं होतं. वीज गेली की बॅटरी वाचवायला त्याने झोपावं, हेही मीच त्याला शिकवलं होतं. मी धावत गेले. मोठेबाबा पेपरमागे लपलेले. पेपरमागून आवाज आला, "तिले सांग, लाइट गेली का कॉम्प्युटर झोपते. लाइट आली का उठते. पन कीबोर्ड उठत नाई."

मोठी आई माझ्याकडे वळली. "लाइट गेली का..."

"ऐकलं मी, मोठी आई!"

"तरी बी सांगू दे माय. नाई तं ते मलेच बोलतीन."

तपासलं तर दोष खुद्द कर्नलमध्ये! त्यांचा जुनापुराणा कीबोर्ड झोपेतून उठवायचं कर्नलला जमत नव्हतं. दोन दिवस खपून मी एक ओळ बदलली. मोठ्या आईने बटण दाबलं आणि स्क्रीनवर अक्षर उमटलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. बिघाड कळवणारा कोण? मोठेबाबा! म्हणजे नाव कोणाचं?

मी म्हटलं, "मोठी आई, त्यांना सांग, या दुरुस्तीखाली त्यांचं नाव जाणार. जगातल्या सगळ्या देशांत."

पेपरमागून आवाज आला, "तिले विचार, कोनत्या पानावर?"

"पान नसतं. पण गेलं की कायमचं राहतं."

पेपर बोटभर खाली आला. मला एक डोळा दिसला. तेवढ्यावरच मी उडत घरी आले.

इथे थांबले असते तर आज तुमच्यासमोर ताठ मानेने बसले असते. पण आई म्हणाली, "मोठेबाबाचं टाकलं, आन मोठ्या आईचं? बटन तं तिनंच दाबलं ना?" खरं होतं, टाकलं. "तुह्या बाबाचं? ते काय परके हायेत?" टाकलं. "आन मामाचं राह्यलं तं मालेगाववरून कोन येईन लग्नाले?"

"अगं आई, मामाने काय केलंय? तो मालेगावात बसलाय!"

"दादाच्या टायमाले बी आपन असाच हिशोब केलता."

पोळलेलं घर आमचं. मामाला तपासणाऱ्यांत बसवलं. शेवटी कोणी राहू नये म्हणून 'मान्य आहे'च्या पुढे सरळ लिहून टाकलं, समस्त मंडळी, केनवड. दुरुस्ती एका ओळीची आणि खाली नावांचा मांडव. दिली पाठवून.

एक गोष्ट मी विसरले होते. दुरुस्ती पाठवणारा जो प्रोग्राम आहे, तो खाली ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांना आपोआप ईमेल धाडतो. आणि तो मेंटेनर जे उत्तर देईल तेही सगळ्यांना जातं.

मेंटेनर कुठल्यातरी थंड देशातला, शब्द मोजून वापरणारा माणूस. त्याने इंग्रजीत विचारलं, "एका ओळीला इतके लोक? यातल्या प्रत्येकाने कोणत्या मशीनवर तपासलं?"

मोबाइलने त्याचं मराठी करून दिलं. मामाने ते वाचलं आणि त्याला वाटलं, मुलाकडच्या कोणीतरी पाहुण्याने विचारपूस केली आहे! मी काही बोलायच्या आत मामाचं उत्तर सगळ्यांना रवाना झालं. "साहेब, मी काई तपासलं नाई. पन पोरगी घरंदाज हाये, सैपाक बी येते. जबाबदारी माही." खाली गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ.

मी कपाळाला हात लावून बसले. स्वयंपाक येतो हेही खोटंच होतं, पण ते जाऊ द्या.

तेवढ्यात मोठी आई दारात. "लय भडकले ते."

"का? नाव तर टाकलंय!"

"टाकलं. पन कुटी? सगळ्यायच्या खाली! मामाच्या बी खाली!"

घ्या! मी आपली शहाणी, भांडण नको म्हणून इंग्रजी वर्णमालेने नावं लावली होती. मामाचं नाव अशोक. मोठेबाबांचं वामनराव. आता डब्ल्यू शेवटी येतो हा काय माझा दोष?

दुसरी आवृत्ती पाठवली. कर्नलच्या कामात नवीन आवृत्ती पाठवताना मागच्यापेक्षा काय बदललं ते लिहावंच लागतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "मोठेबाबांचं नाव वर घेतलं." त्यावर बाबा म्हणाले, भावजयीचं नाव दिराच्या खाली शोभत नाही. तिसरी आवृत्ती! "मोठ्या आईचं नाव मोठेबाबांच्या लगेच खाली घेतलं." मग मामा रुसला, त्याचं नाव 'समस्त मंडळी'ला अगदी चिकटून आलं होतं. चौथी आवृत्ती, "मामाच्या खाली एक ओळ मोकळी सोडली."

जगभरचे लोक ही यादी वाचत होते बरं का! असली दुरुस्ती त्यांनी जन्मात पाहिली नसेल.

मेंटेनरने लिहिलं, "चारही वेळा कोड तोच आहे. मला समजत नाही."

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं. दादाची पत्रिका, मोठेबाबा, झेरॉक्स मशीन, माझं लग्न, सगळं. एवढी मोठी कहाणी त्या यादीवर आजवर कोणी पाठवली नसेल. उत्तर आलं, "समजलं. वामनरावांशी मी थेट बोलतो."

आणि तो खरंच बोलायला लागला! मोबाइल इकडचं तिकडे करून देई. तो विचारी, "दुसरा कीबोर्ड लावून पाहाल का?" मोठेबाबा लिहीत, "लाइट गेली हाये. आल्यावर सांगतो." तो लिही, "वाट पाहतो." झाली ना दोस्ती!

"कोनाशी बोलून राह्यले दिवसभर?" मोठ्या आईने विचारलं.

"हाये एक सायब. भला मानूस हाये. पैले विचारते, मंग करते. आपल्या घरच्यासारखा नाई."

मी मेंटेनर काय म्हणतो याची वाट पाहत बसले आणि पुन्हा पुन्हा नावांचा क्रम तपासला. माझी ती एक ओळ मात्र पुन्हा पाहिली नाही. तीच नेमकी चुकीची होती! नावं मांडण्यात इतकी गुंतले की कोडकडे लक्षच नव्हतं. माझी दुरुस्ती लावली असती तर मोठेबाबांचा कीबोर्ड उठला असता आणि त्या जातीचे बाकीचे सगळे कायमचे झोपले असते. मेंटेनरने माझी ओळ बाजूला ठेवली, स्वतः नवी दुरुस्ती लिहिली आणि खाली नाव दिलं. कळवणारे, वामनराव. तपासणारे, वामनराव. बस्स.

त्या दुपारी आमच्या दारात चपला वाजल्या. मोठेबाबा! मोबाइल पुढे धरून, थेट ओट्यावर. बाबा उठून उभे राहिले. आई पाणी आणायला गेली ती आत रडतच बसली.

"पाय वं स्वाती!" ते म्हणाले. मध्ये मोठी आई नाही, पेपर नाही, माझं नाव घेऊन. "दोनदा नाव! एकट्याचं!"

मीही रडले. झालं माझं काम, मला आणखी काय हवं होतं? मग मोठेबाबांनी बोटाने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. कपाळाला आठ्या पडल्या.

"तुहं नाव कुटी हाये?"

"नाही माझं."

"काहून?"

"राहू द्या ना मोठेबाबा. माझंच चुकलं होतं."

"तू गप बस! नाव राह्यलं का कसं वाटते, ते मले विचार."

बाबांनी मान खाली घातली. मोठेबाबांनी तिथेच ओट्यावर बसून त्या सायबाला लिहिलं, "माह्या पुतनीचं नाव टाका. नाई तं माहं बी काढा." मी हातापाया पडले, पण ऐकतील ते मोठेबाबा कसले! दुरुस्ती अजून मेंटेनरच्याच हातात होती, वर, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, गेली नव्हती. तो सरळ माणूस. त्याने लिहिलं, "वामनरावांचं म्हणणं रास्त आहे. स्वातीचा उल्लेख करतो." आणि केला. दुरुस्ती कर्नलमध्ये गेली, जगभर गेली.

मोठेबाबांना इंग्रजी येत नाही, पण माझं नाव तेवढं ओळखता आलं. त्यांनी तो मजकूर ठळक अक्षरांत छापला, लॅमिनेशन केलं, झेंडूच्या माळा लावल्या आणि लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी, गणपतीच्या बाजूला, टांगला. येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून दाखवत होते, "हे पाहा, आमच्या पोरीचं नाव. साऱ्या जगात गेलं!" त्यांचा तो चेहरा पाहून सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुमची झाली असती?

वऱ्हाड आलं. माझे सासरे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. ते त्या पाटीसमोर थांबले, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात लिहिलं होतं, 'याआधी स्वातीने पाठवलेली दुरुस्ती चुकीची होती. ती घेतली असती तर असंख्य लोकांचे कीबोर्ड बंद पडले असते.'

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा खिशात ठेवला, मोठेबाबांशी हात मिळवला, अभिनंदन केलं. सगळे विधी पार पडले. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सूनबाई, अष्टपुत्रा व्हा, सुखी राहा. घर तुमचंच हाये. फक्त माह्या कॉम्प्युटरले हात लावू नका."